ऐन

आईला सांगितलं, गावाचं नाव सूर.
म्हणाली, बरं झालं, गाण्याचं गाव मिळालं.
इथे सूर एकच, खाडीवर जुन्या गलबतांच्या डागडुजीचा,
ठाक ठाक, उन्हं चढेपर्यंत.
मग आरोग्यकेंद्रात लसीच्या रांगेत
पोरांचा.

मैथाबाईंचा नातू हमद, सात महिन्यांचा,
मांड्यांना वळ्या, वळ्यांत पावडर.
सुई टोचण्याआधी मी त्याच्याकडे पाहिलं,
जरा जास्तच.
निनाद सात महिन्यांचा असताना मी इथे आले.
आजऱ्याच्या स्टँडवर, एसटीच्या काचेतून
सासूबाईंच्या खांद्यावर दिसलेली त्याची मूठ,
तेवढीच आणली सोबत.
तोंडून गेलं, किती गुटगुटीत गं माझं सोनं!
मराठीतच गेलं.
माशाल्लाह म्हणायचं राहिलं.

चौथ्या दिवशी मैथाबाई खोलीवर आल्या,
थर्मासभर काहवा आणि खजूर घेऊन.
हमद दूध ओढत नाही, रात्रभर किंचाळतो,
स्वतःचाच कान ओढतो.
मी म्हणाले, कानच असेल, डॉक्टरांना दाखवा.
हो, हो, उद्या आणते.
जाताना त्यांनी सगळे कप धुतले, माझा सोडून.
त्यातला उरलेला घोट एका लहान बरणीत ओतला,
माझ्या दोन खजुरांच्या बिया रुमालात बांधल्या,
आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

सौदाबानूने मागे एकदा सांगितलं होतं,
ज्याची लागली त्याचं उष्टं आणतात,
नाहीतर त्याच्या हातापायांचं पाणी.
त्यांच्या भाषेत डोळ्याला ऐन म्हणतात
आणि झऱ्यालाही.
आमच्यात ऐन म्हणजे नेमकी वेळ,
ती तर माझी कधीच हुकली.

आई मीठमोहरी मुठीत घेऊन उतरायची:
आल्याची, गेल्याची, उंबऱ्यावरच्या पाव्हण्याची,
काळ्या कुत्र्याची, कोपऱ्यावरच्या सोनाराची,
हसत आलेल्या जावेची...
आणि एका ठिकाणी आवाज खाली यायचा,
जिची कूस रिकामी, जिचा हात रिकामा, तिची.
ती कोण गं?
कुणी नाही. यादीत असावी लागते.

यादीतली ती मी, सूर गावात,
दुसऱ्या मजल्यावर, एसीचं पाणी जिथे बादलीत ठिबकतं.
राग यायला हवा होता.
आला तो वेगळाच विचार:
अर्ध्या घोटाने काय व्हायचंय?
मोरीत तांब्या भरला,
तोंड, कोपरापर्यंत हात, गुडघ्यापर्यंत पाय,
सगळं परातीत धुतलं,
ते पाणी बिसलेरीच्या बाटलीत भरलं
आणि अनवाणी जिना उतरले.
मैथाबाई गाडीत बसत होत्या.
हे घ्या, म्हटलं, ते पुरणार नाही.
त्यांचा चेहरा पडला. बाटली घेतली, दोन्ही हातांनी.
तुलाही एक आहे ना? किती वर्षांचा?
मी बोटं दाखवली. चार.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानात टाकायला थेंब दिले.
त्याच्या दुसऱ्या दिवशी हमद झोपला,
दुपारी, मग रात्रभर.
कशाने, ते मी नोंदवहीत लिहिलं नाही.
वहीत रकाना नाही.

शुक्रवारी आजऱ्याला फोन लावला, चित्र दिसणारा.
निनाद हल्ली जेवत नाही, सासूबाई म्हणाल्या.
आई तिथेच बसलेली, मूठ वळलेली.
तो माझ्याकडे बघेना. मीच बघत राहिले,
त्याच्या मानेवरचा घाम, पडलेलं बटण,
कोपराची खपली, कुणी फुंकर घातली असेल तिच्यावर.
आई फोनसमोरच त्याला उतरू लागली:
आल्याची, गेल्याची, पाव्हण्याची,
कुत्र्याची, सोनाराची, जावेची...

आणि थांबली.
मीठ मुठीत तसंच.
बोल ना आई, मी म्हणाले.
ती म्हणाली,
रेंज जाते बघ मध्येच.